स्वयंपाकघरातला सरकारी फ्रिज

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी तोंड वाकडं करायला नको. इंदिरानगरात माहेरी होते तेव्हा घरचे म्हणायचे, हिला शांत नवरा मिळू दे रे देवा. मिळाला. इतका शांत मिळाला की भांडण मीच सुरू करायचं आणि दमले की मीच संपवायचं. लग्न जमवणाऱ्या काकूंनी 'डॉक्टर आहेत, सरकारी क्वार्टर आहे' एवढंच सांगितलं होतं. डॉक्टर गुरांचे आहेत आणि क्वार्टर गुरांच्या दवाखान्याला चिकटून आहे, हे साखरपुड्यात कळलं. तोवर पेढे वाटून झाले होते.

हे नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटचं. सातपूर मागे टाकून त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं की मध्येच आत वळून एक गाव होतं, तिथे आम्ही सात वर्षं राहिलो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर दवाखान्याचा खोडा. खोडा म्हणजे लोखंडी पाइपांची चौकट, जनावराला उभं करून तपासायची. मी पोळ्या लाटत असले की समोर एखादी गाय उभी असायची आणि तिच्या मागच्या बाजूला खांद्यापर्यंत हात घातलेला माझा नवरा असायचा. गाय माझ्याकडे बघायची, मी गायीकडे. पहिले सहा महिने मला पोळी गिळवत नव्हती. नंतर मीच खिडकीतून विचारायला लागले, "गाभण आहे का हो?"

घर आणि दवाखाना यांच्यात भिंत होती, पण ती फक्त मलाच दिसायची. मी न्हाणीघरात डोक्याला शिकेकाई चोळत असायची आणि बाहेरून हाक यायची, "बाई, डॉक्टर हायेत का? शेळी फुगली." मी आतूनच ओरडायची, "गोडेतेल पाजलं का?" बाहेरचा म्हणायचा, "नाय." मी म्हणायची, "मग पाजा आणि बसा." कपडे वाळत घालायची दोरी आठवड्यातून एकदा तरी जागेवर नसायची. ती कुठल्या तरी गोठ्यात अडलेलं वासरू ओढायला गेलेली असायची. परत आली की मी ती उकळायची, पुन्हा बांधायची आणि तिच्यावर यांचेच शर्ट टाकायची. माझ्या साड्या मी घरात वाळवायची.

पण खरा माझ्या जिवावर उठला होता तो फ्रिज. दवाखान्याच्या खोलीत प्लगमधून ठिणग्या उडायच्या, म्हणून कुठल्या तरी आधीच्या डॉक्टरांनी लसींचा फ्रिज क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आणून ठेवला होता आणि तो तिथेच राहिला होता. त्याच्या दारावर लाल रंगात सरकारी नंबर आणि त्याखाली 'फक्त लस' असं लिहिलेलं. लग्नानंतर त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा तो बघून मला केवढा आनंद झाला होता. म्हटलं, चला, खेड्यात आलो पण फ्रिज तरी आहे. दुसऱ्याच दिवशी मी त्यात लिंबाचं सरबत ठेवलं. यांनी एक शब्द न बोलता ते बाहेर काढलं, ओट्यावर ठेवलं आणि मग मला अर्धा तास समजावलं. लस कमी गार झाली तरी वाया जाते आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवली तरी वाया जाते, दार सारखं उघडायचं नाही, आत खाण्याची वस्तू ठेवायची नाही. मी तीन दिवस यांच्याशी बोलले नाही. यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

तेव्हापासून घरात फ्रिज असून मी माठातलं पाणी प्यायले. पाहुणे येत, फ्रिजकडे बघत, मी माठातून पाणी देई, आणि मागाहून नातेवाइकांत बातमी फिरे की ही चिक्कू आहे. एकदा बहिणीच्या नवऱ्याने स्वतःच उठून दार उघडलं. आत बाटल्याच बाटल्या. "एवढी औषधं कोणाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "म्हशींना." त्या दिवशी त्यांनी माझा चहाही घेतला नाही.

क्वार्टरच्या मागे तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे एका मावशीचा मळा. झेंडू, मेथी, कोथिंबीर. सकाळच्या गाडीने माल नाशिकच्या बाजारात जायचा. मावशींचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा सातपूरला कारखान्यात, शिफ्ट सांभाळून आठ-पंधरा दिवसांनी एकदा यायचा. घरात मावशी आणि एक म्हैस. त्या म्हशीशी मावशी जितकं बोलायच्या तितकं मी यांच्याशी बोलत नव्हते. आणि मला त्या गावात खरं म्हणजे मावशींशिवाय कोणी नव्हतं. कुंपणापाशी उभं राहून आम्ही तासन्‌तास बोलायचो. मी शहरातली, मला काही येत नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं आणि त्याचा त्यांना आनंद होता.

फक्त एका गोष्टीवरून आमचं वाजायचं. पावसाळ्याच्या तोंडावर गुरांना घटसर नावाचा रोग येतो. घसा सुजतो, जनावर घरघरायला लागतं आणि दिवसाभरात जातं. आदल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीत एका आठवड्यात तीन म्हशी गेल्या होत्या. त्यावर लस असते, ती मे महिन्यात टोचायची. पण मावशी काही केल्या म्हशीला टोचून घेत नव्हत्या, आणि त्यांच्यामागे त्यांच्या आळीतली पाच-सहा घरंही घेत नव्हती. त्यांचा हिशोब सरळ होता.

"माझ्याकडं दोन म्हशी होत्या," त्या म्हणायच्या. "तुमच्या आधीचा डॉक्टर होता तवा एकीला टोचली. दुसरी त्या दिशी दावं तोडून पळाली, ती राहिली. पावसाळ्यात रोग आला. टोचलेली मेली, पळालेली ही समोर उभी हाय. आता तू शिकलेली हायस, तूच सांग."

मी बी.एस्सी. पास. तरी धाव यांच्याकडेच. यांना विचारलं तर म्हणाले, एखाद्या जनावराला लागू पडत नाही. हे मी कुंपणापाशी जाऊन सांगितलं, तर मावशी म्हणाल्या, "मग ते एखादं माझंच का?" दरवर्षी हेच. त्या वर्षी मात्र माझा धीर सुटला. ही म्हैस गेली तर मावशी मोडून पडतील, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि बाई हिशोब सांगत बसली होती. मी भडकले. म्हटलं, "तुमची म्हैस, तुमचा मळा, तुम्हाला काय करायचं ते करा. मेली की माझ्याकडे रडत येऊ नका." म्हणायला नको होतं, पण म्हटलं. मावशी वळल्या आणि निघून गेल्या. पाच दिवस कुंपणापाशी फिरकल्या नाहीत. मी पाच दिवस भांडी आपटली.

त्याच आठवड्यात लस आली. गुरुवारी सकाळी दवाखान्यात सगळ्या गावाच्या गुरांना टोचायचं ठरलं, दवंडी झाली, आणि सोमवारी यांना पुण्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जायचा हुकूम आला. यांच्या हाताखालचे ड्रेसर, म्हणजे जखमा धुण्यापासून म्हैस धरण्यापर्यंत सगळं करणारे काका, रजेवर होते, कारण बुधवारी त्यांच्या मुलीचं लग्न गावातच होतं. राहिली मी. निघताना यांनी मला एक कागद दिला. त्यावर लस कशी सांभाळायची याचे मुद्दे, अनुक्रमांक घालून. नव्या कारकुनाला द्यावेत तसे. माझं डोकंच फिरलं. "पाच वर्षं हा फ्रिज माझ्या उरावर आहे, आणि तुम्ही मला कागद देता?" मी विचारलं. "असू दे जवळ," हे म्हणाले. मी तो कागद यांच्यासमोर चुरगळून चुलवणात टाकला. हे पिशवी उचलून गाडीला गेले. आता पुण्याला फोन मी करणार नाही, त्यांचा आला तरी दोन शब्दांवर बोलणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

मंगळवारी सकाळी गावाची डीपी जळाली. मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि फ्रिजची घरघर बंद पडली. लोडशेडिंगची सवय होती, तेवढं तो फ्रिज निभावायचा. पण वायरमन येऊन खांबाकडे बघून गेला आणि म्हणाला, "दोन-तीन दिवस धरा." मे महिना, पत्र्याचं छप्पर. मी फ्रिजला हात लावून बसले. दवाखान्यात लस न्यायचा जाड थर्माकोलचा डबा होता, त्यात बर्फ भरून लस ठेवतात हे मला माहीत होतं. बर्फ तेवढा हवा होता. गावात बर्फ नाही. द्राक्षांचं एक कोल्ड स्टोरेज होतं तिकडे गेले, तर रखवालदार म्हणाला, हंगाम संपला, मशीन बंद, आता आत त्याची खाट आहे. मग मी गाडी पकडली आणि सातपूरला बर्फाच्या कारखान्यात गेले.

परत येताना माझ्याकडे गोणपाटात, भुशात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी होती. कंडक्टर म्हणाला, "बाई, ओलं सामान टपावर." मी म्हटलं, "टपावर टाकलं तर गाव येईपर्यंत नुसतं गोणपाट उरेल." पहिली पाळी सुटलेली, गाडी डबेवाल्या कामगारांनी भरलेली. मी लादी पायांत धरून उभी. पाणी गळायला लागलं, मधल्या वाटेतून ओघळत पुढे ड्रायव्हरपर्यंत गेलं. एकाचे बूट भिजले, तो ओरडणार, एवढ्यात पागोटेवाल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, "घरात माणूस गेलंय का, बाई?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. भर उन्हात गोणपाटातून बर्फ नेणारी बाई, केस विस्कटलेले, तोंड रडवेलं. मुलगा-लेक लांबून यायची असली की मृताला बर्फावर ठेवतात. आता 'लस' म्हटलं असतं तर कसली लस, कुणाला, का, हे सगळं सांगत बसावं लागलं असतं आणि लादी वितळत होती. मी मान खाली घातली. एवढंच केलं. बूट भिजलेल्याने स्वतः उठून मला जागा दिली. शेजारची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माझ्या थांब्यावर दोघांनी लादी उचलून खाली दिली आणि कंडक्टरने बेल मारायच्या आधी टोपी काढली.

मी घरी आले, बर्फ फोडला, डब्यात भरला, वर लसीच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या, झाकण दाबलं आणि घाम पुसला. तोवर दारात पाच-सहा बायका. त्यांच्यामागे पुरुष. सगळे गप्प. एकीने पदर डोळ्यांना लावलेला. कोणीतरी म्हणालं, "पुण्याला कसं झालं?" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. गाडीतून बातमी माझ्या आधी गावात पोचली होती, आणि डॉक्टर पुण्याला गेलेत हे सगळ्यांना माहीत होतं.

"अहो, काही झालं नाही त्यांना," मी म्हटलं. "जिवंत आहेत. बर्फ लसीला आणलाय." कोणाचा विश्वास बसेना. शेवटी दवाखान्यातला फोन फिरवून मी पुण्याच्या वसतिगृहात यांना बोलावून घेतलं आणि फोन पुढे उभ्या असलेल्या सरपंचाच्या कानाला लावला. सरपंच म्हणाले, "बोलतायत." तेव्हा कुठे लोक हसायला लागले. फोन माझ्या हातात आला तेव्हा यांनी विचारलं, "लस ठीक आहे ना?" मी म्हटलं, "उत्तम," आणि ठेवून दिला. बोलायचं नाही असं ठरलं होतं ना.

गर्दी पांगली. मावशी राहिल्या. त्या मळ्यातून पळत आल्या होत्या, पायात चपला नव्हत्या. त्यांनी डब्याला हात लावून बघितला.

"हे सगळं म्हशींसाठी?" त्यांनी विचारलं.

"नाहीतर काय माझ्या सरबतासाठी?" मी म्हटलं.

त्यांनी डब्यावरचं पाणी पदराने पुसलं. मग म्हणाल्या, "गुरवारी आणते मी. पयली माझीच टोचा. आळीतल्या बायांनाबी सांगते." मी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबलं.

बुधवारी दुपारपर्यंत बर्फाचं पाणी झालं. गाड्या लग्नाच्या वऱ्हाडाने तुंबलेल्या, सातपूरला जाऊन येणं शक्य नव्हतं. पण ड्रेसरकाकांच्या मांडवात पॉट आइस्क्रीम होतं, हे मला आठवलं. लाकडी बादली, मधोमध दुधाचा डबा, भोवती बर्फ, वरून दांडा फिरवायचा. बाटल्या घरी काढून ठेवून मी रिकामा डबा घेऊन मांडवात गेले. अक्षता नुकत्याच पडल्या होत्या. काका फेटा बांधून व्याह्यांच्या पुढे हात जोडून उभे होते. मी लांबून खूण केली. 'लस' हा शब्द ऐकताच मुलीचा बाप व्याह्यांना तसंच सोडून आइस्क्रीमच्या बादल्यांकडे धावला. स्वतःच्या हाताने त्यांनी बर्फ काढून माझा डबा भरला. "वहिनीसाहेब, हात घालून बघा," ते म्हणाले. "साध्या बर्फापेक्षा लय गार. खडेमीठ हाय ना यात."

मी बोटं घातली. कळ डोक्यात गेली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. कालचा बर्फ याच्यापुढे काहीच नव्हता. घरी येऊन वर्तमानपत्र-बिर्तमानपत्र काढून टाकलं, कशाला मध्ये कागद, गारवा लागू दे नीट, म्हणून बाटल्या थेट त्या बर्फात खोचल्या आणि वरून आणखी बर्फ दाबला. मग निवांतपणे लग्नाला जाऊन जेवले. आइस्क्रीम दोनदा घेतलं.

गुरुवारी सात वाजता दवाखान्यापुढे गुरांची रांग. सर्वांत पुढे मावशी. म्हशीला आंघोळ घातलेली, शिंगांना तेल लावलेलं, गळ्यात झेंडूची माळ. मागे त्यांच्या आळीतली सहा घरं. ड्रेसरकाका लग्नाची हळद कपाळावर तशीच घेऊन कामावर हजर. आठच्या गाडीने हे आले. रांग बघून यांचा चेहरा फुलला. मावशींना बघून तर हे थांबलेच. "कसं जमवलंस?" यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "आधी लस बघा."

स्वयंपाकघरात यांनी डब्याचं झाकण काढलं, एक बाटली उचलली, हलवली, खिडकीपाशी धरली. दुसरी उचलली. तिसरी. मग पाट ओढून खाली बसले. चौथी बाटली अजून आतून पांढरी दगड होती.

"गोठली," हे म्हणाले. "मिठाचा बर्फ होता का?"

मी मान डोलावली. बर्फाच्या कप्प्यात ठेवायची नाही, हे मला पाच वर्षं पाठ होतं. मिठाने बर्फ त्याहून गार होतो, हेही बी.एस्सी.ला शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात होत्या, पण एकमेकींना भेटल्या नव्हत्या. यांनी त्या कागदाचं नावसुद्धा काढलं नाही. याचा मला जास्त राग आला. काढलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

खिडकीतून मावशी दिसत होत्या. म्हशीच्या कानात काहीतरी सांगत होत्या.

"अहो, देऊन टाका," मी म्हटलं. होय, मीच म्हटलं. "वितळली की नेहमीसारखीच दिसेल. कोणाला कळणार आहे? मावशी आज परत गेल्या तर पुन्हा कधी येणार नाहीत. नंतर चांगली लस आली की काहीतरी सांगून दुसऱ्यांदा टोचू."

यांनी हातातली बाटली डब्यात परत ठेवली. मग हळूच म्हणाले, "आणि मधल्या दिवसांत रोग आला तर? टोचलेली मेली, असंच होईल ना पुन्हा."

ते 'पुन्हा' माझ्या कानात अडकलं. टोचलेली मेली, पळालेली जगली. तोच फ्रिज, तेच स्वयंपाकघर, माझ्या आधी इथे राहून गेलेलं कोणीतरी. तेव्हा काय झालं होतं ते मला माहीत नाही, आजही माहीत नाही. पण तेव्हाही लसच खराब झालेली असेल, मावशींचा हिशोब चुकीचा नसेल, असं मला पहिल्यांदा वाटलं.

हे उठायला लागले. मी म्हटलं, "तुम्ही नको. मी सांगते."

दारात उभी राहिले आणि सांगितलं. मोठ्याने सांगितलं, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. लस खराब झाली आहे. मी केली. आइस्क्रीमच्या बर्फात ठेवली, गोठली, आता ती टोचून उपयोग नाही. डॉक्टर नाशिकहून दुसरी आणतायत, दुपारी परत या.

मागून एकजण म्हणाला, "लसीचं आइस्क्रीम केलं व्हय बाईंनी? आम्हाला एकेक कप तरी द्यायचा." सगळी रांग हसली. बैलसुद्धा हसले असतील. ड्रेसरकाकांनी कपाळाला हात लावला, हळद हाताला लागली. "बर्फ मीच भरला, वहिनीसाहेब," ते परत परत म्हणत होते. "मला कळायला पायजे होतं. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली." मी त्यांना म्हटलं, "तुमच्या मुलीचं लग्न होतं, काका. माझं नव्हतं."

हे स्कूटरवर रिकामा डबा बांधून निघाले. लोक हसत, गुरं ओढत पांगले. मावशी हसल्या नाहीत आणि गेल्याही नाहीत. त्यांनी म्हैस लिंबाखाली बांधली आणि तिथेच बसल्या. मी तांब्याभर पाणी नेऊन दिलं. त्यांनी ते आधी म्हशीच्या तोंडावर मारलं, मग उरलेलं स्वतः प्यायल्या.

"खराब झालेली दिसती का?" त्यांनी विचारलं.

मी आतून एक बाटली आणली. तोवर ती पूर्ण वितळली होती. हलवली की आत पांढरे कण फिरत आणि हळूहळू तळाला बसत. मावशींनी ती उन्हात धरली. खूप वेळ बघितली.

"त्या टायमाला मी बाटली बघितलीच नाय," त्या म्हणाल्या. "आन कोणी सांगितलंबी नाय."

"मावशी, तेव्हा असंच झालं होतं, हे मला माहीत नाही," मी म्हटलं. "आम्ही नव्हतो इथे."

"तुला कुठं म्हणते मी." त्यांनी बाटली माझ्या हातात परत दिली. "म्हैस गेली त्याच्या आदल्या दिशी मी तिला कोवळी मका घातली होती. लय आवडायची तिला. सासरे मरेपत्तोर म्हणत राहिले, हिनं मका घालून मारली. मलाबी तेच वाटत आलं." मग त्या पदराने तोंड पुसत बसल्या आणि मी त्यांच्याशेजारी मातीत बसले.

दोन वाजून गेल्यावर स्कूटर आली. लोक परत यायला लागले, सकाळपेक्षा थोडे कमी, पण मावशींची आळी सगळी होती. काकांनी म्हैस खोड्यात घेतली. यांनी डबा उघडला, बाटली काढली, सुई लावली. मावशींनी हात आडवा केला.

"थांबा डॉक्टर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू बघ."

यांनी बाटली माझ्या हातात दिली. मी ती हलवली, उन्हात धरली, तळ बघितला. आत एकही कण नव्हता. सगळी रांग माझ्याकडे बघत होती.

"चांगली आहे, मावशी," मी म्हटलं.

"मग टोचा," त्या म्हणाल्या आणि म्हशीचं डोकं छातीशी घट्ट धरून उभ्या राहिल्या.